दोन जागरांचं अंतर

आमच्या कुडपणात वाट नेहमी दोनदा सांगावी लागते. पोलादपूर किती लांब, असं कुणी विचारलं की उलट प्रश्न येतो, "जायचं का यायचं?" जायला उतार, यायला चढ. वाट तीच, वेळ मात्र एक नाही. आता डांबरी रस्ता झाला, एस.टी. वर येते, तरी जुन्या माणसांच्या तोंडातून ती सवय गेलेली नाही.

त्यामुळे तीन वर्षांपूर्वी कुशाबादादाची सारिका लग्न होऊन नवऱ्याबरोबर अमेरिकेला निघाली, तेव्हा तिच्या बापानं हिशेब मांडला तो याच रीतीनं. कुशाबा माझा चुलतभाऊ. आमची घरं शेजारी, अंगण एकच. त्या दिवशी अंगणात बॅगा भरून ठेवलेल्या, आणि दादा जावयाला, दीपेशरावांना, विचारत होता.

"जायला किती येळ लागतो?"

"रात्री एकला मुंबईहून विमान सुटतं मामा. सकाळी सातला तिकडे उतरतो."

दादानं बोटं मोजली. "सहा तास. आनि येताना?"

"येताना रात्री साडेआठला बसायचं, दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मुंबई."

दादा खुशीत आमच्याकडे वळला. "बघा! मी काय म्हनतो? तो देश उतारावर हाय. जायला उतार, यायला चढ."

दीपेशराव हसले. काही सांगणार होते बहुतेक, पण तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न दिला आणि रडारड सुरू झाली. वाडीत कुणालाच त्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. चढ-उताराशिवाय दुसरं काही असू शकतं, हे इथं कुणाच्या मनात येणार?

माझ्या रंगूवहिनीला तर हायसंच वाटलं. वहिनी म्हणजे दादाची बायको, रंगूबाई. गळ्यात तुळशीची माळ. दिवेलागण झाली की देवळात भजनाला हजर, ताप असला तरी. एकादशीच्या जागराला रात्री बसली की उजाडेपर्यंत मांडी मोडत नाही. आम्ही टाळकरी पेंगतो, मग ती मागून ओरडते, "भाऊजी, टाळ वाजवताय का डास मारताय?" पण या बाईला एक वावडं आहे, गाडीचं. एस.टी.त पाय ठेवला की पोटात ढवळतं. मुंबईला जाते ती हातात लिंबू, पदर नाकाला आणि डोळे मिटून. सहा तास. परळच्या आमच्या गावकऱ्यांच्या खोलीवर पोचली की पहिली कोपऱ्यात आडवी होते आणि म्हणते, "ह्याच्या पुढं माजी शीव नाय."

तर सारिका त्या शिवेच्या आत होती. मुंबईएवढीच लांब.

आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला. सकाळी सातला उतरलेल्या लेकीचा फोन आला तो संध्याकाळी, वहिनी देवळात निघायच्या वेळेला. वहिनी रुसली. "सकाळी पोचलीस आनि आत्ता आठवन झाली आईची?" सारिका काहीतरी म्हणाली, इकडे आत्ताच सकाळ झालीय, असं. वहिनीला ती सबब वाटली. पुढं गौरी-गणपती आले, सारिका आली नाही. शिमगा आला, आली नाही. वहिनी फोनवर बोलून घ्यायची. "सहा तासांवर ऱ्हातेस तू. परळच्या बाया दोन दिसांच्या रजेत येऊन पालखी नाचवून जातात. तुला काय झालं?"

"जमत नाय गो आई."

"नवरा सोडत नसंल, तर तसं सांग."

"तसं नाय गो."

 फोन ठेवल्यावर वहिनीला तो पदरानं पुसत बसलेलं मी कितीदा पाहिलं आहे. गेल्या वर्षी तर वहिनीनं गौरीच्या ओटीचा खणच आणला नाही. "जी येत नाय तिच्यासाटी कशाला?" म्हणाली.

या मार्गशीर्षात बातमी आली. सारिकाला दिवस गेलेले होतेच, आता आठवा सरत आलेला. डॉक्टरनं सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही. दीपेशराव दिवसभर कामावर, त्यांची आई लग्नाआधीच वारलेली. घरात चहा करून द्यायला माणूस नाही. वहिनीचा पासपोर्ट, व्हिसा हे सगळं भरतनं आधीच करून ठेवलं होतं. भरत दादाचा मुलगा, सारिकेच्या पाठचा, अंधेरीला एका कंपनीत असतो. तो शनिवारी तिकीट घेऊन वर आला. तिकीट म्हणजे मोबाइलमधलं चित्र.

वहिनीनं एकच विचारलं, "रातचे एक ते सकाळचे सात ना रे?"

"हां आई. डायरेक्ट फ्लाइट."

"मंग जाते. मुंबई तर मुंबई."

सगळं ठरलं असतं, पण पलीकडच्या सुंदराबाईनं तोंड घातलं. तिच्या जावयाचा भाऊ म्हणे कुणाला तरी सोडायला विमानतळावर गेला होता. "अगो रंगू, तो म्हनतो, अमेरिकेच्या इमानात लोक दोनदा जेवतात नि वर झोपतात. सहा तासांत कोन दोनदा जेवतं गो? तू तरी जेवशील?"

"ते कनेक्टिंगवाले असतील मावशी," भरत घाईनं म्हणाला. "आपली डायरेक्ट हाय. टेन्शन नको."

त्याची घाई वहिनीनं हेरली. आई ती. त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "परवा सप्त्याच्या काल्याला भागोजीबुवा हायत ना? त्यांना इचारीन. गादीवरनं खोटं येत नाय."

भरतचा चेहरा उतरला.

गादीचं सांगायला हवं. कीर्तनकार जिथं उभा राहतो ती जागा नारदाची. तिला गादी म्हणतात. आमच्याकडे असं मानतात की गादीवर उभा राहिलेला माणूस खोटं बोलत नाही, बोलूच शकत नाही. म्हणून काल्याचं कीर्तन संपलं की बुवा गादीवरून उतरण्याआधी लोक पाया पडायला रांग लावतात आणि मनातलं विचारतात. लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का. बुवा बहुतेकांना "नाम घे, कष्ट कर" एवढंच सांगतात. पण जे सांगतात ते पक्कं.

आणि भागोजीबुवा म्हणजे काय सांगू! उमरठचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आवाजाला वय झालंय, पण वरच्या पट्टीत गेले की अंगावर काटा येतो. ऐकताना वाटतं, हा माणूस गातोय तोवर आपल्याला काही होणार नाही. सप्ताहात सात दिवस सात बुवा आले तरी आम्ही काल्याची वाट बघतो ती त्यांच्यासाठी.

काल्याच्या सकाळी बुवा आमच्या पडवीत चहा घेत होते. मी त्यांचं उपरणं घडी करून ठेवत होतो. भरत आला, पाया पडला आणि तसाच बसून राहिला.

"बोल बाबा."

"बुवा, आई तुम्हाला विचारील, अमेरिकेला किती वेळ लागतो. तुम्ही फक्त सहा तास म्हणा."

"लागतात किती?"

"सोळाच्या वर."

माझ्या हातातलं उपरणं खाली पडलं. मीही तीन वर्षं सहाच समजत होतो.

"मग मी सहा कसे म्हणू?"

"तिला कळलं तर ती जायची नाय बुवा. ती एस.टी.त सहा तास कशी बसते ते काकांना विचारा. आणि ती गेली नाय तर ताई तिकडे एकटी पडेल. एक शब्द फक्त. पुण्याचंच काम हाय."

बुवांनी कप खाली ठेवला. "हे बघ, मी या पडवीत बसून खोटं बोलेन. घरी तर रोज बोलतो. भाजी कशी झालीय म्हणून आमच्या हिनं विचारलं की बोलावंच लागतं. पण गादीवर उभा राहिलो की हे तोंड माझं नसतं रे. उसनं असतं. उसन्या वस्तूला डाग कसा लावू?"

"मग मी काय करू?"

"तिनं विचारू नये, अशी प्रार्थना कर. मीही करतो."

कीर्तन उभं राहिलं. मी टाळ घेऊन मागं होतो, पण खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदाच माझं लक्ष बुवांकडे नव्हतं, वहिनीकडे होतं. बुवांनी गवळ्यांच्या पोरांचं आख्यान घेतलं. कुणी ताक आणलं, कुणी शिळी भाकरी, सगळं एकत्र कालवलं आणि मग कुणाचं कुठलं ते कुणालाच ओळखू येईना. पखवाज असा बोलत होता की देवळाबाहेरची गुरंसुद्धा उभी राहिली असतील. दहीहंडी फुटली, लाह्या-दही हातोहात वाटलं गेलं, रांग लागली.

वहिनीची पाळी आली. ती पाया पडली आणि उठलीच नाही. गुडघ्यावर बसूनच वर बघून म्हणाली, "बुवा, मला लेकीकडं जायचं हाय. अमेरिकेला. सहा तास लागतात ना?"

भरत खांबाला टेकून उभा होता. बुवांनी त्याच्याकडे बघितलं नाही. चिपळ्या छातीशी धरल्या आणि म्हणाले, "नाही माय. सोळा तास लागतात. वर थोडे."

 रांगेतल्या पोरांनी लाह्या चावायच्या थांबवल्या.

"सोळा," वहिनी म्हणाली. मग मान वळवून, "भरत?"

तो पुढं आला. "आई, मी सांगणार होतो."

"कदी? इमानात बसल्यावर?"

"ताईनंच सांगितलं होतं, आईला सांगू नको. आत्ता नाय, ती गेली तेव्हाच. बाबा सहा तास, सहा तास करत होते ना, ते तुला खरं वाटलं. ताई म्हणाली, वाटू दे. आई समजतेय मी मुंबईएवढ्यावर हाय, तर तिला तेवढ्यावरच राहू दे. खरं कळलं तर रोज रडत बसेल."

वहिनी तशीच खाली बसली. पदर तोंडाला नाही लावला की डोळे नाही पुसले. कुशाबादादा गर्दीतून वाट काढत तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता ही जात नाही. सोळा तासांचा आकडा मलाच पेलेना, तिथं ही बाई, जिला घाटातल्या तिसऱ्या वळणाला पिशवी लागते!

पण ती सोळा तासांचा विचार करतच नव्हती.

"म्हंजे माजी पोर एवढ्या लांब व्हती," ती हळू म्हणाली. "आनि मी तिला सनाला येत नायस म्हनून बोलत ऱ्हायले. तीन वर्सं. संध्याकाळचा फोन केला म्हनून रुसले. ती ऐकून घेत व्हती." मग जरा थांबून, "तिला तिथनं आई केवड्या लांब दिसत असंल?"

 बुवा गादीवरून उतरले नाहीत. त्यांनी पखवाजवाल्याला, आमच्या महादूला, डोळ्यानं खूण केली आणि महादूनं अगदी हलका ठेका धरला, बोटांच्या टोकांनी. बुवा बोलायला लागले. गाणं नव्हे, पण सुरात.

"माय, ऐक. तुझ्या नवऱ्यानं सहा तास मोजले ते घड्याळानं मोजले. घड्याळ खोटं नाही. पण सूर्य थांबतो का? तुझं विमान मध्यरात्री मावळतीकडे निघणार. मागून सूर्य येणार. तो जवळ आला की विमान आणखी पुढं. उजेड मागं, आपण पुढं. थंडीचे दिवस, रात्र मोठी. तू तिकडे उतरशील तेव्हा कुठं तो तुला गाठेल. मधे एकच रात्र, माय. दोन नाहीत. पण लांबलेली."

"मदे उजाडत नाय?"

"नाही उजाडत."

"आनि वळनं?"

"आभाळात कुठली वळणं? सरळ."

 वहिनीची बोटं माळेवर फिरत होती, पण जप नव्हता तो. मोजत होती.

"आपला जागर रातचं भजन आटपल्यावर बसतो नि पहाटं काकड्याला उठतो," ती म्हणाली. "तो किती?"

"आठ धर."

"म्हंजे दोन जागर. पाठोपाठ. मदे काकडा नाय." तिनं पदर खोचला आणि उभी राहिली. "मंग तसं सांगायचं ना रे भरत! सहा तास, सोळा तास काय करत बसलायस? दोन जागर तर हायत."

देवळात जो हशा उठला तो अजून माझ्या कानात आहे. सुंदराबाई डोळे पुसत होती आणि हसत होती. बुवांनी गळ्यातला हार काढून वहिनीच्या हातात ठेवला. तेही हसत होते. "माय, तिकडे टाळ नाहीत हो. शेजारच्याची झोपमोड होईल."

"मनात वाजवीन."

एवढ्यात कुशाबादादानं घसा खाकरला. "बुवा, म्हंजे माजं चुकलं? उतार नाय?"

"कुशाबा, उतार आहे. सूर्याच्या पुढं पुढं गेलं की उतार, सूर्यावर चालून गेलं की चढ. येताना दिवस आणि रात्र दोन्ही लवकर संपतात, घड्याळ पुढं पळतं."

दादानं आजूबाजूला बघितलं. "बघा," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी वहिनीनं दोन कामं केली. पहिलं, मला महाडच्या बाजारात पाठवून तीन खण आणवले. हिरवा, जांभळा आणि लाल. गौरीच्या तीन वर्षांच्या तीन ओट्या. तांदूळ-नारळ तिकडे नेऊ देत नाहीत असं भरतनं सांगितलं, तेव्हा म्हणाली, "तांदूळ तिच्या घरात असतीलच. माज्या हातानं घालीन." दुसरं, जीपमध्ये बसताना तिनं भरतचा कान धरला, खरोखरच धरला.

"ताईला सांगायचं नाय."

"काय?"

"मला कळलंय म्हनून."

भरत माझ्याकडे बघायला लागला. मीही काही समजलो नाही. जीप वळणाआड गेली, वहिनीच्या हातात लिंबू होतंच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही देवळात बसलो. वहिनीची जागा खांबापाशी, तिथं कुणी बसलं नाही. दादा एरवी भजनाला येत नाही, पण त्या दिवशी मोबाइल मांडीवर घेऊन मागं बसला होता. एकामागून एक भजनं झाली, नऊच्या सुमाराला चालू भजनात फोन वाजला. महादूनं पखवाजावर हात ठेवला. सगळे थांबले. दादानं फोन उचलला तो मोठ्या आवाजावर.

"पोचले," वहिनीचा आवाज. "तुमचं भजन चाललंय का?"

"तुजीच वाट बगत व्हतो. बरी हायस?"

"बरी हाय. पोटात कायपन नाय झालं. पयला जागर आपली सगळी भजनं म्हनली मनात. दुसऱ्याला बुवांचं काल्याचं कीर्तन आठवलं, पयल्यापासनं. ते संपायच्या आदीच उतरा म्हनाले. शेजारची बाई म्हनाली, आजी, ओठ दुखत नाहीत का? दोनदा जेवन आलं. सुंदराला सांगा, मी जेवले."

"आनि पोरगी?"

वहिनीचा आवाज खाली आला. दुसऱ्या खोलीत गेली असावी. "सुकलीय वो. पोट तेवडं दिसतं. मी दारात शिरले तशी पलंगावर उठून बसाया लागली, मी निजवली. तर रडायलाच लागली. म्हनते, आई, लांब पडलं ना गो तुला? लई तरास झाला ना?"

"मंग तू काय सांगितलंस?"

"म्हनलं, छे गो. सहाच तास तर लागले. डोळा लागला न लागला, उतारच लागला."

दादा चमकला. आमच्यातही कुजबुज झाली. "खोटं बोललीस?" तो म्हणाला. "माळकरी असून?"

पलीकडून वहिनी हसली. ते हसणं मी तिच्या तोंडून तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मी काय गादीवर उबी व्हते?" ती म्हणाली. "तीन वर्सं तिनं मला जवळ ठेवलं, आता मी तिला ठेवते. चला, ठेवा फोन. तिला अजून चाय द्यायची हाय. आनि भजन अर्धं सोडू नका."

दादानं फोन खिशात टाकला. महादूनं ठेका उचलला. मी टाळ हातात घेतले, पहिली ओळ उचलणार तोच मागून कुशाबादादानंच सूर धरला. बेसूर होता. आम्ही त्याच्या मागं गेलो.